पंडिता रमाबाई आणि माणसाची कदर

चैत्र लागला कीं आमच्या शहरांतील व्यापारी मंडळी चौकाचौकांत पाणपोया घालतात, रांजणांत वाळा टाकून थंड पाणी भरून ठेवतात, आणि येणारा जाणारा तहानेला मनुष्य ओंजळभर पिऊन तृप्त होऊन जातो. हा धर्म चांगला आहे. तो करणाऱ्यांस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. पण पाणी पाजणें आणि पाणी मागणें ह्या दोन क्रिया एक नव्हेत. पाजणाऱ्याचा हात नेहमीं वर असतो आणि पिणाऱ्याची ओंजळ नेहमीं खालीं असते. उलट ज्याच्या हातचें आपण मागून घेतों त्याची योग्यता आपण, एक शब्दही न बोलतां, कबूल केलेली असते. ह्या देशांत कोणाच्या हातचें पाणी घ्यावें आणि कोणाच्या हातचें घेऊं नये, ह्या एका प्रश्नावर जितकी शाई आणि जितकें रक्त खर्चीं पडलें आहे तितकें दुसऱ्या फार थोड्या प्रश्नांवर पडलें असेल. १९२७ सालीं डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते तहान लागली म्हणून गेले नव्हते, हें आतां शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे.

मनुष्यास आपली कदर आहे असें केव्हां वाटतें? प्रश्न वरवर पाहतां खाजगी दिसतो. परंतु समाजांतील पुष्कळ उलथापालथी त्याच्याच पोटांतून निघालेल्या आहेत. महाराष्ट्रांतील ज्या स्त्रीपुरुषांनीं ख्रिस्ती श्रद्धा पत्करली त्यांपैकीं कांहीं जण वादांत हरून तिकडे गेले, हें खरें. नीळकंठशास्त्री गोरे ह्यांच्यासारखे पंडित ख्रिस्ती मताचें खंडन करावयास निघाले आणि १८४८ सालीं स्वतःच बाप्तिस्मा घेऊन बसले. पण वाद जिंकल्यानें किंवा हरल्यानें मनुष्य घरदार सोडतो, नातलगांचे शिव्याशाप सोसतो आणि जन्मभर एका निष्ठेनें राहतो, असें सहसा घडत नाहीं. त्याला तेथें दुसरेंही कांहीं मिळालेलें असतें. तें काय, हें पाहावयाचें असेल तर पंडिता रमाबाईंच्या चरित्राइतकें उपयोगी चरित्र आमच्यापुढें दुसरें नाहीं. कारण बाईंनीं तें आपल्या हातानें लिहून ठेविलें आहे, आणि त्या कोणाच्याही भुलावणीस बळी पडणाऱ्या नव्हत्या हें त्यांचे शत्रुही मान्य करीत.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान गृहस्थ. त्यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या काळीं तोच मोठा अपराध ठरला. पुढें आईनें मुलीस शिकविलें. कुटुंब क्षेत्रोक्षेत्रीं पुराण सांगत हिंडे. १८७४ च्या सुमारास दुष्काळानें ग्रासलेल्या मुलुखांत अनंतशास्त्री अन्नाविना गेले, पाठोपाठ आई गेली, मागून बहीणही गेली. उरलीं तीं दोन भावंडें हजारों मैल पायीं चाललीं. झेलमच्या कांठीं अंगावर पुरेसें वस्त्र नाहीं म्हणून वाळूंत खड्डे करून त्यांत त्यांनीं रात्री काढल्या. अशा स्थितींत १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं, आणि तेथील पंडितांनीं ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. सभा झाल्या, भाषणें झालीं, वर्तमानपत्रांनीं स्तुति केली. ज्या देशानें आईबापांस मूठभर अन्न दिलें नाहीं तोच देश मुलीच्या पाठांतराला टाळ्या देत होता.

येथें वाचकांनीं थोडें थांबावें. बाईंचा गौरव झाला नाहीं असें कोणीही म्हणूं शकणार नाहीं. भावाच्या मृत्यूनंतर त्यांनीं १८८० सालीं बंगाली वकील बिपिनबिहारी ह्यांच्याशीं जातीबाहेर विवाह केला. दीड वर्षाच्या आंत, १८८२ च्या फेब्रुवारींत, वैधव्य आलें. आणि तान्ही मुलगी कडेवर घेऊन त्या पुण्यास आल्या, तेव्हांही येथील सुधारक मंडळींनीं त्यांचें स्वागतच केलें. त्याच वर्षीं आर्य महिला समाज निघाला, 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक निघालें, आणि हंटर कमिशनपुढें बाईंची साक्ष झाली. इतका मान मिळालेली हिंदु स्त्री त्या पिढींत दुसरी दाखवितां येणार नाहीं. मग उणें काय होतें?

उणें काय होतें तें त्यांनीं स्वतः सांगितलें आहे. कलकत्त्यास असतांना पडद्यांतील स्त्रियांपुढें व्याख्यानें द्यावयाचीं म्हणून त्यांनीं धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचावयास घेतले. त्या ग्रंथांचे आपसांत पुष्कळ मतभेद त्यांस आढळले; पण दोन गोष्टींवर मात्र बहुतेकांचें एकमत दिसलें. एक ही कीं स्त्रीजात म्हणून सगळीच वाईट. आणि दुसरी ही कीं स्त्रीला व शूद्राला पुरुषांप्रमाणें, ब्राह्मणांप्रमाणें मोक्षाचा अधिकार नाहीं. ह्या वाचनानें ज्या बाईची झोप उडाली तिच्या नांवामागें त्याच शास्त्रांच्या पंडितांनीं 'सरस्वती' लाविलें होतें! तिचा गौरव झाला तो अपवाद म्हणून झाला. शंभर बायका अपात्र ठरवून एकीला पदवी देणें ह्यानें त्या एकीचें समाधान होत नाहीं. तिला उरलेल्या नव्व्याण्णवांची आठवण होते. निदान रमाबाईंना ती झाली. गौरव हा गुणाचा होतो आणि गुण सरला कीं तो सरतो. कदर ही त्याच्या आधींची गोष्ट आहे, आणि ती त्यांना कोठेंच दिसेना.

१८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. जाण्यापूर्वीं ख्रिस्ती पुस्तकांचा त्यांस परिचय झालेला होता. सिलचरास पतीच्या ग्रंथसंग्रहांत त्यांस लूकचें शुभवर्तमान बंगालींत सांपडलें होतें, आणि पुण्यांत त्यांनीं नवा करार मराठींत वाचला होता. पण पुस्तकानें त्यांचें काम केलें नाहीं. वाँटेज येथील मठवासिनी भगिनींकडे त्या राहत होत्या. त्या भगिनींनीं त्यांस लंडनमधील फुलम येथें आपलें काम पाहावयास नेलें. तेथें समाजानें 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांचें गृह होतें. अशा स्त्रियांना जवळ करणारीं, त्यांच्या पुनः उभें राहण्याची वाट पाहणारीं माणसें रमाबाईंनीं पूर्वीं कधीं पाहिलीं नव्हतीं. त्यांनीं वाचलेल्या शास्त्रांत अशा स्त्रियांस दंड सांगितला होता, आसरा नव्हता. हें तुम्ही कोणत्या बळावर करतां, असें त्यांनीं विचारलें. तेव्हां एका भगिनीनें त्यांस शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली.

ही कथा आमच्या सर्वच वाचकांस माहीत असेल असें नाहीं, म्हणून थोडक्यांत सांगतों. यहुदी लोक शोमरोनी लोकांस विटाळाचे मानीत आणि त्यांच्याशीं व्यवहार ठेवीत नसत. दुपारच्या वेळीं येशू प्रवासानें थकून एका विहिरीपाशीं बसला असतां एक शोमरोनी बाई घडा घेऊन तेथें आली. तिचे पांच नवरे होऊन गेले होते आणि सध्यां ज्याच्याकडे ती राहत होती तो तिचा नवरा नव्हता. तिला येशूनें प्यावयास पाणी मागितलें. बाई चकित झाली. तुम्ही यहुदी असून माझ्याजवळ पाणी कसें मागतां, असा तिनें उलट प्रश्न केला. मग खरी उपासना कोणती, देव कोठें भेटतो, ह्या विषयांवर त्यानें तिच्याशीं असें भाषण केलें कीं तसें त्यानें मोठमोठ्या शास्त्र्यांशींही क्वचितच केलें असेल. शिष्य परत आले तेव्हां, हा एका बाईशीं बोलत आहे हें पाहून त्यांसही नवल वाटलें.

रमाबाईंच्या मनावर जें बिंबलें तें हें कीं परमेश्वराच्या खऱ्या उपासनेचें ज्ञान अशा स्त्रीला, तिची जात व तिची वागणूक न पाहतां, दिलें गेलें. ह्या देशांतील तुडविलेल्या स्त्रीला उचलणारा कोणी असेल तर तो हाच, अशी त्यांची खात्री झाली. आम्ही त्याच कथेंतील दुसऱ्या एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. येथें देणारा आधीं मागणारा झाला आहे. त्या बाईस उपदेश पुष्कळांनीं केला असेल, शिव्या त्याहून पुष्कळांनीं दिल्या असतील, कदाचित् दयाही कोणी केली असेल. पण तुझ्या हातचें मला पाहिजे असें त्या गांवांत तिला बहुधा कोणी म्हटलें नसेल. ज्यांच्या घरीं विधवा बहीण किंवा आत्या जन्म काढते, त्यांस ह्याचा अर्थ फोडून सांगण्याचें कारण नाहीं. तिला दोन वेळां जेवावयास मिळतें, वर्षाला दोन लुगडीं मिळतात. हळदीकुंकवाचें तबक मात्र तिच्या हातीं कोणी देत नाहीं.

त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं रमाबाईंनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला. ह्यावरून त्या मिशनच्या हातांतील बाहुली झाल्या असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं बाईंचीं त्या काळचीं पत्रें वाचावींत. गळ्यांत घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरें होतीं. तीं कां असावींत, लॅटिन भाषा आमच्या संस्कृतापेक्षां अधिक पवित्र आहे काय, असा त्यांनीं सवाल केला. चेल्टनहॅम येथील कन्या महाविद्यालयांत त्या शिकत व संस्कृत शिकवीत असतां, त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवूं नये असें बिशपांचें मत पडलें. बाईंनीं स्पष्ट कळविलें कीं मला माझी सदसद्विवेकबुद्धि आहे, एका पौरोहित्याचें जूं टाकून दुसऱ्याचें मानेवर घेण्यासाठीं मी आलें नाहीं. मांसाहार त्यांनीं केला नाहीं. हा ताठा पुष्कळ इंग्रज हितचिंतकांस खुपला. आम्हांस तो त्यांच्या श्रद्धेचा खरेपणा दाखविणारा वाटतो. देवाच्या दारीं आपली किंमत आहे असें ज्याला मनापासून वाटतें तो बिशपापुढें वांकत नाहीं.

तरी हा अनुभव एका दिवसाचा नव्हता. बाईंनीं पुढें लिहिलें आहे कीं, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षें मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. उपासना, व्रतें, नियम हें सर्व नीट चाललें म्हणजे आपण पात्र होऊं अशी त्यांची समजूत होती. १८९१ च्या सुमारास त्यांच्या ध्यानांत आलें कीं हें देणें पात्रतेवर बसविलेलेंच नाहीं. तें फुकट आहे, आणि म्हणूनच स्त्री म्हणून जन्मलेल्या आपल्यासारखीसही तें खुलें आहे. व्यापारी वाचकांस हें विचित्र वाटेल. फुकट मिळतें तें हलकें असा आपला बाजारांतील अनुभव. पण आई मुलाला दूध पाजते तें हिशेब घालून पाजीत नाहीं, आणि तें दूध कोणी हलकें मानीत नाहीं.

मध्यंतरीं, ११ मार्च १८८९ रोजीं, बाईंनीं मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन उघडलें होतें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. पैसा अमेरिकेंतून येई, आणि कोणाच्या धर्मांत हात घालावयाचा नाहीं असा करार होता. रानडे, भांडारकर ह्यांच्यासारखे पुरुष सल्लागार होते. पहिल्या विद्यार्थिनींपैकीं गोदूबाई जोशी ह्यांनीं १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं पुनर्विवाह केला. त्याच वर्षीं वादळ उठलें. बाई आपल्या खोलींत दार उघडें ठेवून प्रार्थना करीत आणि कांहीं मुली तेथें जाऊन बसत. 'केसरी'नें झोड उठविली, सल्लागारांनीं राजीनामे दिले, आणि पालकांनीं कित्येक मुली काढून नेल्या. सल्लागारांची बाजू अगदींच पोकळ होती असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या बापानें धर्माला धक्का लागणार नाहीं ह्या भरंवशावर मुलगी पाठविली त्यास तक्रार करण्याचा हक्क होता. पण त्या गदारोळांत सर्वांनीं सर्वांस विचारलें. त्या मुलींस कोणी विचारलें काय, कीं बायांनो, तुम्ही त्या खोलींत कां जातां? केशवपन झालेली पोर, जिचें तोंड सकाळीं दिसूं नये म्हणून घरचीं माणसें जपत, तिला तेथें कोणी 'ये' म्हणत नव्हतें आणि 'जा' ही म्हणत नव्हतें. दार उघडें होतें, एवढेंच. आमच्या घरांचीं दारें तेवढीं उघडीं असतीं तर त्या दारासाठीं पुण्यांत इतकी शाई सांडावी लागली नसती.

१८९६-९७ च्या दुष्काळांत बाई मध्यप्रांतांत गेल्या. भूक म्हणजे काय हें त्यांस पुस्तकांतून शिकावयाचें नव्हतें. तेथून त्यांनीं शेंकडों मुली व विधवा आणल्या आणि केडगांव येथें 'मुक्ति' ही संस्था उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या हजाराच्या वर गेली. कोणी म्हणेल, भाकर देऊन धर्म दिला, ह्यांत कसली आली कदर? हा आक्षेप झिडकारण्यासारखा नाहीं. मुक्तींतील मुली ख्रिस्ती वळणांतच वाढल्या, आणि भुकेल्या मनुष्याची संमति ही पुरी संमति नव्हे, असें आमचें मत आहे. परंतु आक्षेप घेणाऱ्यानें हेंही सांगावें कीं त्या सालीं त्या मुलींना उचलावयास आमच्यापैकीं किती जण गेले होते. आणि दुसरें असें कीं केवळ भाकरीनें जमा झालेलीं माणसें पाऊस पडला कीं पांगतात. मुक्ति पांगली नाहीं. ह्याचें कारण आमच्या मतें तेथील अन्नछत्रांत शोधूं नये. तेथील कामांत शोधावें.

तेथें शेती होती, गुरें होतीं, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता, आणि हें सर्व बायका चालवीत. आंधळ्या मुलींना बोटांनीं वाचावयास शिकविलें जाई. समाजानें 'बिघडलेल्या' ठरविलेल्या स्त्रियांसाठीं कृपा सदन निराळें काढलें होतें. फुलमला पाहिलेली गोष्ट बाई विसरल्या नव्हत्या. आयुष्याच्या उत्तर काळांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल मराठींत उतरविण्याचें काम अंगावर घेतलें. चालू भाषांतर अडाणी बायकांस समजत नाहीं, ही त्यांची तक्रार होती. त्या भाषांतराचे खिळे जुळविले, मुद्रितें काढलीं, फर्मे छापले ते मुक्तींतल्या बायकांनीं. दुष्काळांत जिच्या अंगावर चिंधी नव्हती, जिला स्वतःच्या नांवाचें अक्षर येत नव्हतें, तिच्या बोटांवांचून आतां पुस्तक पुढें सरकत नव्हतें. बाई तिला लागणारें देत होत्या, आणि तिच्या हातचें घेतही होत्या. १९२१ सालीं मुलगी मनोरमा वारली. तरीही रमाबाईंनीं काम सोडलें नाहीं, आणि भाषांतर हातावेगळें करूनच ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

ख्रिस्ती मंडळींत गेलें म्हणजे कदर आपोआप होते असा कोणाचा समज झाला असेल तर तो मात्र काढून टाकला पाहिजे. गोमंतकांत चार शतकांपूर्वीं लोक ख्रिस्ती झाले तरी बामण आणि चारडो हे भेद राहिले, इतकेंच नव्हे तर चर्चमधील बंधुमंडळ्यांतही ते शिरले. आमच्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें उदाहरण आहे. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या ह्या कवीनें बावीस वर्षें मिशनची सेवा केली; आणि परकीय मिशनच्या पालकत्वाखालीं देशी ख्रिस्ती मनुष्य कायमचा अज्ञान बालकच राहतो असें दिसल्यावर १९१७ सालीं तिचें वेतन सोडून 'देवाचा दरबार' काढला, आणि त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही जागा ठेविली. सरकारदरबारींही तोच प्रकार. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ सालीं शिखांस आणि १९९० सालीं बौद्धांस त्या मिळाल्या. ख्रिस्ती झालेला महार किंवा मांग मात्र बाहेर राहिला. तो ख्रिस्ती झाला म्हणून गांवानें त्याचा महारवाडा बदललेला नव्हता. मनुष्याची श्रद्धा त्यास जें देते तें त्याची मंडळी त्यास देईलच असें नाहीं.

कोणी असेंही म्हणेल कीं हें सर्व आमच्या संतांनीं सांगितलेंच होतें. त्यासाठीं समुद्रापलीकडे जावयास नको होतें. सांगितलें होतें, ह्यांत शंका नाहीं. जनीबरोबर विठ्ठल दळावयास बसला ही कथा शोमरोनी बाईच्या कथेची सख्खी बहीण आहे. तेथेंही देव दासीच्या कामांत हात घालतो. टिळक तर म्हणत कीं आपण ख्रिस्ताकडे आलों ते तुकोबांच्या पुलावरून. पण जनीच्या जात्यापाशीं बसणाऱ्या देवाच्या देवळांत अस्पृश्यांस पाऊल ठेवण्यास १९४७ साल उजाडावें लागलें, आणि त्यासाठीं साने गुरुजींस प्राण पणास लावावे लागले. तोंपर्यंत चोखोबा पायरीपाशींच होते. कथा आमच्याजवळ होती. ती कीर्तनांत ऐकून डोळ्यांत पाणी आणावयाचें आणि घरीं आल्यावर पाण्याचा माठ झांकून ठेवावयाचा, असा आमचा क्रम होता. रमाबाईंनीं ती कथा फुलमला घडतांना पाहिली. आणि कीर्तन आणि घर ह्यांमधील हें अंतर त्यांस तेथें दिसलें नाहीं म्हणून त्या गेल्या.

आणि गेल्या त्यांतले सगळेच काहीं पंडित नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांचें पाहा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ह्या बाई सुमारें पांच वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या; नंतर एकत्र आल्यावरही प्रथम सोवळें त्यांनीं राखलें, आणि तें एकेक धागा तुटावा तसें तुटत गेलें. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. शाळा न पाहिलेल्या ह्या बाईनें 'स्मृतिचित्रें' लिहिलीं, आणि १९३४ पासून तीं पुस्तकरूपानें येऊं लागलीं तेव्हां मराठी वाचकांनीं जातधर्म न पाहतां तीं डोक्यावर घेतलीं. ज्यांनीं तीं वाचलीं नसतील त्यांनीं अवश्य वाचावींत. धर्मांतराची एवढी विनोदी हकीकत दुसऱ्या कोणत्याही भाषेंत असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आम्ही कोणास धर्म बदला असें सांगत नाहीं, आणि बदलूं नका असेंही सांगत नाहीं. तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आमचें बोलणें घरांत राहिलेल्यांविषयीं आहे. २०२२ च्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें ठराव केला कीं नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडूं नयेत, कुंकू पुसूं नये, मंगळसूत्र तोडूं नये, तिला समारंभांत येऊं द्यावें. सरकारनें त्याची वाखाणणी करून इतर गांवांनींही तसेंच करावें असें कळविलें. ठराव उत्तम आहे. पण रमाबाई कडेवर पोर घेऊन पुण्यांत उतरल्या त्याला तोंवर १४० वर्षें होऊन गेलीं होतीं; आणि ज्या गोष्टीसाठीं ग्रामपंचायतीला ठराव करावा लागतो ती गोष्ट त्या गांवांत आपण होऊन घडत नव्हती, हेंही उघड आहे. ज्या शहरांस आपल्या सुधारणेचा अभिमान आहे त्यांतील किती लग्नांत विधवा आईनें मुलाला स्वतः ओवाळलें, हें ज्यानें त्यानें आपल्या घरापुरतें मोजून पाहावें. दुकानांत पंचवीस वर्षें ओझीं वाहणाऱ्या हमालाचें आडनांव मालकास ठाऊक असतें काय, झाडूवालीसाठीं फुटक्या कानाचा कप खिडकींत निराळा ठेवलेला असतो कीं नाहीं, ह्या गोष्टीही त्याच वहींत लिहावयाच्या आहेत.

केडगांव पुणें-दौंड लोहमार्गावर आहे, आणि 'मुक्ति' अजून चालू आहे. व्यापाराच्या निमित्तानें सोलापूरकडे जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं एखादे वेळीं मध्येंच उतरून ती संस्था पाहून यावी. आणि तेथें कोणा बाईनें चहा पुढें केला तर तो नको म्हणूं नये.